पस्तीस बाय पंचेचाळीस

माशेलच्या बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ,
पांढरा पडदा, एक स्टूल,
खिळ्याला दोरीनं बांधलेली फणी,
कारण मोकळी ठेवली की लोक खिशात घालून नेतात.
दिवसभर मी एकच म्हणते:
मान जरा वर. हलू नका.

हलू नका म्हटलं की माणसं जास्तच हलतात.

सकाळी सहाला मी करमळीच्या तळ्यावर असते,
स्कूटर बांधाला टेकवून, गुडघे ओल्यात.
तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही.
वंचक उभा असतो चिखलात, चिखलाच्याच रंगाचा,
नजर त्याच्यावरून निसटून पुढे जाते,
आणि मी बटण दाबेपर्यंत
उडतो,
पांढराशुभ्र.
एवढं पांढरं त्यानं कुठे ठेवलं होतं?
अकरा वर्षांत त्या क्षणाचे
एकशे चाळीस फोटो जमलेत माझ्याकडे:
नुसता चिखल,
एखाद्यात कोपऱ्याला पायाचं बोट.
मी ते पुसलेले नाहीत.

तळ्यावरून आल्यावर स्टुलावरच्या गिऱ्हाइकाकडे
मी जरा थांबून बघते.
पंचायतीतली कारकून बाई,
दुसऱ्यांदा बारावीला बसणारा पोरगा,
काय सांगावं.

यंदा पाटीच्या वायरीवर शिंजिरांनी घरटं केलं.
कोळ्याची जाळी, सुका पाला, सावरीचा कापूस,
आणि मधोमध कागदाची एक पट्टी,
माझीच,
फोटोंच्या कडा कापून मी केरात टाकते त्यातली.
तिच्यावर कुणाच्या तरी खांद्याची निळी कड होती.
मी पाटीचा दिवा बंद ठेवला.
शेजारचा झेरॉक्सवाला सत्यवान म्हणाला, धंदा बुडेल.
बुडाला नाही. पाटी पेटो न पेटो,
फॉर्माला फोटो लागतोच.

नोव्हेंबरात शाणू तारी आला.
कुंभारजुव्याच्या फेरीबोटीवर बत्तीस वर्षं साखळी ओढलेला.
पेन्शनीला हयातीचा दाखला,
दाखल्याला फोटो.
मान जरा वर, मी म्हटलं.
हनुवटी छातीवरून हलेना.
"आतां ती वयर येना गो बाय,"
तो म्हणाला, माझ्या चपलांकडे बघत.

मी गप्प राहिले. तेवढं तळ्यावर शिकले आहे.

तेवढ्यात मादी आली, चोचीत कोळी,
दारातल्या उन्हात क्षणभर हवेतच थबकली,
आणि घरट्याच्या भोकातून
उघडली दोन लाल तोंडं.
शाणूची मान वर गेली.
धुक्यातून पलीकडचा धक्का दिसावा
तसं तोंड त्याचं,
अर्धवट उघडं, पुढचे दोन दात नसलेलं.
मी बटण दाबलं.

ऑफिसनं फोटो परत पाठवला:
नजर कॅमेऱ्याकडे नाही, तोंड उघडे, चालणार नाही.
दुसरा काढला.
सत्यवानानं पडद्याआडून त्याची मान धरली,
बोटं दिसत नाहीत.
तो चालला. त्यावर शिक्का बसला.
शाणू तारी सरकारदरबारी जिवंत झाला.

आठवड्यानं पुन्हा दारात उभा.
परत आलेला फोटो खिशातून काढला,
चारी कोपरे दुमडलेले.
"हो व्हड करून दी."
केवढा?
त्यानं दोन्ही हात पसरले,
बोट धक्क्याला लागताना लोकांना मागे सारायचा तसे.
मग फोटोकडे बघत राहिला.
"पूण हातूंत सवणें खंय?"

पक्षी दाराबाहेर होता, काका.
त्याला ते पटलं नाही.
एकशेऐंशी रुपये मोजून दिले, पावती मागितली.

रात्री पडद्यावर फोटो मोठा करत गेले.
सुरकुत्या, पापण्या, बुबुळ.
बुबुळात माझं दार सापडलं,
तिळाएवढ्या उजेडाचं,
आणि दारात एक काळा ठिपका.
शिंजीर असेल.
लेन्सवरची धूळही असेल.

मी तो पुसला नाही.