ऐंशी

नौफलने गाडीतून खोकं उतरवलं, म्हणाला,
मशीन सगळं आपोआप ठरवेल, भाईसाब.
मशीनने माइक लावला, चारदा कण्हलं
आणि ठरवून टाकलं : पुढचे दोघे मोठे आहेत,
चाळीसपर्यंत उतरतील.
वीतभर उंचीचे स्पीकर. चाळीसपर्यंत!
आमच्या प्लांटवर नव्या पोराला
पहिल्याच दिवशी रात्रपाळीचा बॉयलर देतात, तसं.

मग मीच बसलो रिमोट घेऊन.
साठ ठेवले, तर पुढच्यांना धाप लागलेली कळली.
दीडशे ठेवले, तर मेहुण्याच्या लग्नातला गोंधळी
तोंडाने टीव्हीत
आणि छातीने पार कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलामागे.
माणूस दोन ठिकाणी उभा करायला
दहा रियालसुद्धा जास्त लागत नाहीत.

संबळाला हे कुणी शिकवलं नसेल.
थोरलं भांडं, धाकटं भांडं, एकाच कमरेला,
कुणी कुठं थांबायचं ते कातड्याला ठाऊक.
आणि इथं मी
दहा-दहाने चढतोय, दहा-दहाने उतरतोय.

ऐंशीच्या खाली कानाला दिशा कळत नाही म्हणतात.
सोहारमध्ये राहणाऱ्याला हे पटवावं लागत नाही.
गच्चीवरच्या कॉम्प्रेसरची घरघर,
बंदराबाहेर नांगर टाकून बसलेली जहाजं,
महामार्गावरून रात्रभर जाणारे दगडांचे ट्रक,
सगळं पायांतून वर येतं.
कुठून, ते विचारायचं नाही.

खालच्या मजल्यावर उस्ताद रमझी, इस्माइलियाचे,
शाळेत गणित शिकवतात.
झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.
आकडा वाढवला तरी ठोकतात, कमी केला तरी ठोकतात.
परवा जिन्यात भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले,
आकड्याचा दोष नाही, कोपऱ्याचा आहे.
दोन भिंती पाठीशी मिळाल्या
की कुणीही मोठ्यानं बोलतं.

म्हणून काल रात्री ते काळं धूड
उचलून सोफ्यावर ठेवलं, माझ्या जागी,
आणि त्याच्या जागेच्या शोधात मी
लुंगी खोचून खोलीभर रांगलो,
कान फरशीपासून हातभर वर.
चपलांच्या कपाटापाशी पोकळ.
जेवणाच्या टेबलाखाली नुसता गाळ.
बाल्कनीच्या दाराशी मात्र, पडद्याच्या अलीकडे,
घट्ट. कोरडा. एकेक ठोका सुटा.
तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

सुनेत्रा दुपारपाळीची, मी पहाटेचा.
साडेदहा ते साडेअकरा, एवढाच आमचा संसार.
दारातूनच म्हणाली, काय सांडलंय?
म्हटलं, बेस.
तिनं पर्स खांद्यावरच ठेवून वाकून ऐकलं.
मी आकडे सांगत गेलो,
कुठे एकाने सोडायचं, कुठे दुसऱ्याने धरायचं.
ती म्हणाली, सोडायचं नसतं रे एकदम.
आमच्या आयसीयूत जाणारी लगेच जात नाही,
येणारी लगेच सगळं अंगावर घेत नाही.
थोडा वेळ दोघी एकाच खाटेपाशी.
पेशंटला कळतही नाही
हात कधी बदलला.

मी काही बोललो नाही.
ऐंशी केले.
धूड बाल्कनीच्या दाराशी नेलं, तिला सोफ्यावर बसवलं,
मागचं छोटं बटण तेवढं राहिलं होतं,
शून्य की एकशेऐंशी.
गोंधळी पुन्हा सुरू केला, बारीक आवाजात.
आता सांग, हे बरं की
आता, हे?
हे?
उत्तर आलं नाही.
बूट पायांतच, ओळखपत्र गळ्यात, मान कलंडलेली.

खालून एकदाच ठोकलं,
तेही हळू,
जसं कुणी विचारावं, झालं का?
मी बटण होतं तिथंच राहू दिलं.