पोटजात

फोटो रात्री पावणेबाराला आला.
बालेवाडी, अठरावा मजला. काचेची पेटी,
पेटीत लाकडाचा भुसा आणि भुश्यावर
लाल, काळा, पांढरा, काळा, पुन्हा लाल,
बँडवाल्याच्या बाहीसारखा साप.
खाली ओळ: काका, मिल्क स्नेक आहे एवढं नक्की.
पोटजात कुठली तेवढं सांगा.

मला रोज येतात. धायरी, नऱ्हे, आंबेगाव.
बहुतेक मेलेले. डोक्यावर फरशीचा तुकडा,
शेजारी मापाला म्हणून चप्पल.
मण्यारच ना?
मी दोन बोटांनी मोठं करून बघतो.
पट्टे मानेपासून निघून शेपटीकडे विरत गेलेत.
लिहितो: कवड्या होता. बिनविषारी. पाली खायचा.
तिकडून अंगठा येतो.
आता नुसता 'क' लिहिला
तरी फोन पुढचा 'होता' स्वतःच सुचवतो.

दिवसा सिंहगड रोडला पासपोर्टचे फोटो काढतो.
कान दिसू द्या. हसू नका. मागे पांढरं.
ओळख पटवणं हाच धंदा म्हणा.
पण सापाला कान नसतात
आणि त्याच्यामागे पांढरं धरायला कुणी थांबत नाही.

पुस्तक काढलं. लाल पट्टे मोजले: एकोणीस,
वेटोळ्याखाली दडलेले सोडून.
सिनालोआचा म्हणावा तर लाल इतका अरुंद नसतो.
पुएब्लाचा म्हणावा तर पांढरं कमी पडतं.
होंडुरासचा? नाकावरचा ठिपका आडवा येतो.
शिवाय पुस्तक जुनं. मध्यंतरी शास्त्रज्ञ बसले
आणि कित्येक पोटजातींना स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन उठले.
आमच्याकडे इतक्या लवकर उठत नाहीत.

मी विचारलं: गाव कुठलं?

सापाचं गाव?

हो. त्याचा आजा कुठे धरला,
नदीच्या अलीकडे का पलीकडे,
डोंगराच्या कुठल्या अंगाला.
नुसत्या रंगावर नाही ठरत राजा, ठिकाणावर ठरतं.

कॅम्पातून घेतला, तो म्हणाला. त्याने बंगलोरहून.
त्याआधीचं माहीत नाही.
पेटीतच जन्मलाय. आई एक, बाप भलतीकडचा.

हे लिहून झाल्यावर मला माझाच प्रश्न ऐकू आला.

त्र्याण्णव साली नव्या पेठेत खोली बघायला गेलो होतो.
बाईंनी दार अर्धंच उघडलं. आडनाव?
आडनाव दोन्हीकडे चालणारं निघालं.
मग गाव.
मग, "तसं काही नाही हो, सहजच,
पण गावात तुमचं घर कुठल्या बाजूला?"
मी जिन्यात उभा, हातात वळकटी.
त्या माझे पट्टे मोजत होत्या.
खोली कालच गेली म्हणाल्या.

मिल्क कशाला म्हणतात, पोराने मध्येच विचारलं.
सांगितलं: तिकडच्या शेतकऱ्यांना वाटायचं,
हा गोठ्यात शिरून गाईचं दूध पितो.
आमच्या गोठ्यातला चिमाजी धामणीवर हेच बालंट घ्यायचा,
म्हणे पायांना विळखा घालून सड चोखते.
दोघंही बिचारी उंदरांसाठी येत.

मग काय लिहू, काका?
पोटजात लिहिली की गिऱ्हाईक जास्त देतं.

फोटो पुन्हा मोठा केला.
काचेत फोन धरलेला हात, अंगठ्याला चिकटपट्टी.
सापाची मान किंचित वर.
कोपऱ्यात वाटी. कोरडी.
लिहिलं: सांगता येत नाही. आधी पाणी ठेव.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

तेवढ्यात नऱ्ह्याहून दुसरा फोटो,
हललेला, पुसट. बाथरूमचा कोपरा, बादली,
बादलीमागे काळं काही, त्यावर पांढरं.
पट्टे कुठून सुरू होतात काही दिसेना.
मण्यार का कवड्या? लवकर सांगा,
काठी घेऊन उभे आहोत.

साप हलत होता म्हणून फोटो हलला होता.

कुणी का असेना, लिहिलं,
दार लावून घ्या. मारू नका. निघालो.
आणि अंधारात बूट शोधायला लागलो.