एकच चौकट भरा

चार भिंतीपाशी सकाळी साडेसहाला
एक मुलगी फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभी.
ओवी पिसाळ, एमबीएचं दुसरं वर्ष, गाव ओझर्डे.
"काकू, पाचच मिनिटं. नाव लिहायचं नाही."
माझा श्वास अजून खालच्या वळणावरच होता.
मी कठड्यावर टेकले.
पेन तिचंच, टोपण चावलेलं.

पूर्णपणे असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्णपणे सहमत.
पाच चौकटी, मुगाच्या दाण्याएवढ्या.

'माझ्या जवळच्या लोकांना वाटते की मी स्मार्टवॉच वापरावे.'
जवळचे म्हणजे कोण, बाई?
ह्यांना तर मी घड्याळ घेतल्याचं आठवड्यानं कळलं.
पण नलवडे वहिनी रोज रात्री ग्रुपवर
आपली पावलं टाकायला लागल्या, अकरा हजार दोनशे,
खाली सात अंगठे, दोन फुलं,
आणि माझा डावा हात मला
हळदीकुंकवाला बिनबांगडीचा गेल्यासारखा वाटायला लागला.
सहमत.

'हे उपकरण मला उपयुक्त वाटते.'
रात्री पावणेदहाला चारशे पावलं कमी पडतात
तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून
नुसता हात हलवते, पाळणा हलवावा तसा.
आत बाळ नाही, आकडा आहे.
तो झोपला की मी झोपते.
ह्याला कुठली चौकट?

ओवी पान उलटते. फॉर्म वाऱ्यानं फडफडतो.
खाली सातारा धुक्यातून
एकेक गच्ची बाहेर काढतोय.

'टिकाऊ फॅशन' म्हणजे काय, ते तिनं मला समजावलं:
कमी घ्यायचं, जपून वापरायचं,
फाटलं तर दुरुस्त करायचं, जुन्याचं नवं करायचं.
मी हसले नाही.
रहिमतपूरला माझी आई हे सगळं
दार लावून करायची.
बाबांच्या शर्टाची झिजली कॉलर उसवून उलटी बसवायची.
तिच्या पातळाचा माझा परकर,
परकराची पिशवी, पिशवीचं पायपुसणं,
आणि कुणाची कडी वाजली
की मशीनवर चादर.
"विचारलं तर म्हण, साताऱ्याहून आणला."
मी म्हणायचे.
मुली माझ्या बाहीकडे बघत राहायच्या,
तिथं उसवलेल्या काठाची सावली राहिलेली असायची.

गेल्या महिन्यात राधिका रोडच्या नव्या दुकानात
तस्साच कुडता दिसला, जुन्या पातळाचा,
काठाची सावली मुद्दाम दर्शनी बाजूला.
गळ्याशी तागाच्या दोरीनं बांधलेली चिठ्ठी:
'ह्या कापडाला एक गोष्ट आहे.'
किंमत दोन हजार चारशे.
घेतला.
खोटं कशाला सांगू, पृथ्वीसाठी नाही.
त्या चिठ्ठीसाठी.
अख्ख्या शाळेत मला तेवढीच हवी होती.

'पर्यावरणासाठी जास्त पैसे मोजायला मी तयार आहे.'
तटस्थ.

मग मीच तिला विचारलं, तुझी किती झाली गं पावलं?
तिनं मनगट ओढणीखाली घेतलं,
आणि माझ्याशेजारी कठड्यावर बसली.
"बंद आहे काकू. दिवाळीपासून.
दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त, म्हणाला दुकानवाला.
पण काढून ठेवलं की कॉलेजात हात
फार मोकळा दिसतो."

हा प्रश्न तिच्या फॉर्मात नव्हता.
तिच्या बाहीची शिवण काखेपाशी सुटलेली,
आतून सेफ्टी पिन लावलेली,
मला दिसू नये अशा बेतानं.

शेवटी 'काही सुचवायचे असल्यास',
पुढे टिंबं टिंबं, अर्ध्या ओळीची जागा.
मी बारीक अक्षरात लिहिलं:
शिकलगार मास्तर, मोती चौकाच्या मागे.
बाही, कॉलर, काहीही.
दार उघडं ठेवून शिवतात.

मनगटावर माझं घड्याळ थरथरलं:
बराच वेळ बसलात. उठा.
दोघींनी वाचलं.
कुणीच उठलं नाही.