पदच्छेद

कास्त्रोच्या रेडिओ स्टेशनात, जिन्याखालच्या खोलीत
मी जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेतो.
बेटांवर फोन नव्हते तेव्हा माणसं इथे येऊन
निरोप सांगायची,
आणि संध्याकाळी सहाला चुलीपाशी बसून
अख्खी बेटं एकमेकांचे निरोप ऐकायची.

ज्याला निरोप, त्याच्या नावाचा फोल्डर.
नावं आमच्याकडे लांब.
हुआन दे दिओस बार्रिया.
रोसा देल कार्मेन ओयार्सो.
शब्दाशब्दांत मोकळी जागा,
खुंटांवरच्या घरांखालून भरतीचं पाणी जातं
तेवढी.

एका शुक्रवारी, दोनदा उतरलेल्यांची यादी केली.
स्क्रिप्ट लिहिली चार ओळींची:
यादीतून नाव घे, तो फोल्डर पूस, पुढचं घे.
डॉलरचं चिन्ह, त्याला चिकटून ‘नाव’,
आजूबाजूला काही नाही.
उघडंच सोडलं.

शेलला नाव कळत नाही, शब्द कळतात.
जागा दिसली की पदच्छेद.

हुआन: अशी फाईल किंवा फोल्डर नाही.
दे: अशी फाईल किंवा फोल्डर नाही.
दिओस: अशी फाईल किंवा फोल्डर नाही.

दिओस म्हणजे देव. मला हसू आवरेना.
नोल्फाबाईंना वाचून दाखवलं; एकेकाळच्या निवेदिका,
आता स्टोव्हपाशी बटाटे सोलत बसतात.
त्या म्हणाल्या, कुठे शोधायला सांगितलंस
ते आधी बघ.

मग रोसा देल कार्मेन ओयार्सोची पाळी.
देल: नाही. कार्मेन: नाही. ओयार्सो: नाही.
रोसाबद्दल एक ओळ नाही.

शेल कुरकुरतो ते सापडलं नाही तर.
सापडलं, की गुपचूप काम उरकतो.

‘रोसा’ होती आमच्याकडे. एका शब्दाची.
यादीत तिचं नावही नव्हतं.
अकरा सेकंदांचा एकच निरोप, चौऱ्याहत्तर सालचा:
आपियाओच्या रोसासाठी.
मंगळवारी धक्क्यावर घोडा घेऊन ये.
एकच आण.

मूळ टेप उतरवतानाच सुटत गेली,
डोक्यावर तपकिरी भुकटी, बोटाला लागली.
मी फडक्यानं पुसून टाकली होती.

नोल्फाबाईंनी सुरी खाली ठेवली.
‘मीच वाचला होता. आडनाव विचारलं त्याला,
म्हणाला, कळेल तिला.’

सोमवारी स्क्रिप्ट दुरुस्त केली. करायचं एवढंच होतं:
नावाच्या अलीकडे दुहेरी अवतरण, पलीकडे दुहेरी अवतरण.
होडीतून म्हाताऱ्याला उतरवताना
दोघं दोन काखांत हात घालतात, तसं.
मग तो मधे कितीही थांबो,
धक्क्यावर एकटाच पोचतो, सबंध.
अर्ध्या मिनिटाचं काम. शुक्रवारी
अर्धा मिनिट होता की माझ्यापाशी.

दुपारी नोल्फाबाई माइकसमोर बसल्या.
हात पुसले, घसा साफ केला,
आपियाओच्या रोसासाठी, म्हणाल्या,
त्याच जुन्या, सहा वाजताच्या आवाजात.
‘एकच आण’पाशी जरा अडखळल्या.
अकराचे चौदा सेकंद झाले. मी कापले नाहीत.

नवा फोल्डर केला: रोसा आडनाव माहीत नाही.
चार शब्द, तीन जागा.
पुसण्याची आज्ञा काढून, नुसतं छापून बघितलं.

एका ओळीत आली.