पाटकरी

रात्री अडीच. धुळ्याचं सिव्हिल.
टाळूवर जेल लावून डॉक्टर मिसाळ प्रोब टेकवतात,
ओल्या पापडावर बोट ठेवावं तसा.
बाळाला नाव नाही. पायातल्या पट्टीवर
‘वैजंता हिलाल यांचे’, एवढंच.
अकराशे ग्रॅम. अडीच महिने आधी.

पडद्यावर राखाडी रान,
त्यात एक लाल रेघ
उमलते, विझते, उमलते.

काचेबाहेर हिलाल.
पांझरेकाठच्या फडाचा पाटकरी,
बापही पाटकरीच होता.
विचारतो, डोक्यात काय चाललंय.
मी म्हणते, बारं चाललंय.

पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्यात
एक पाटकरी बसलेला असतो.
बाळ रडलं, दाब चढला, की तो दार आवळतो,
झोपेत दाब उतरला की सैल सोडतो.
नदी फुगो की आटो,
शेवटच्या वाफ्याला पाणी तेवढंच.
तुमच्या बाळाकडे तो अजून कामावर आलेला नाही.
नदी जशी, तसं रान.

हिलाल बराच वेळ गप्प.
मग म्हणतो,
‘मंग पानी धीरेधीरे सोडनं पडी, ताई.
नई ते बांध फुटी जाई.’

तीन दिवस मी तेच करते.
डोकं मधोमध.
लंगोट बदलताना पाय वर उचलायचे नाहीत,
पायांतलं रक्त एकदम डोक्याकडे धावतं.
सलाईन थेंबाथेंबाने.
नळीतून रक्त काढायचं तर मनात वीस मोजत.
श्वास कमी पडला की वायू साठतो,
वायू साठला की पाट आपसूक रुंदावतात,
म्हणून मशीनच्या आकड्यावर एक डोळा.
नवा ब्रदर दार आपटतो,
त्याच्यावर ओरडते तेही कुजबुजत.

तरी दुसऱ्या रात्री डाव्या बाजूला
मसूरडाळीएवढा पांढरा ठिपका.
डॉक्टर म्हणाले, पहिल्या पायरीचं आहे, जिरेल बहुधा.
‘बहुधा’ वैजंताला कसं सांगायचं
ते माझ्यावर सोडून गेले.
मी सांगितलं.
तिने चिकाची वाटी पुढे केली, साडेतीन मिली.
झाकण फार घट्ट लावलं होतं.

हिलाल गावी गेलाय, उसाचं बारं आहे.
जाताना काचेशी थांबून
हाताने दार सरकवल्यासारखं काहीतरी केलं.
बाळाला दाखवलं की मला, कळलं नाही.

पाचवी रात्र. बाळ शिंकतं.
दाब चढतो, दहाने.
प्रोब टाळूवरच आहे.
आम्ही दोघं लाल रेघेकडे बघत राहतो.
रेघ किंचित थरथरते,
आणि होती तेवढीच राहते.

‘एकदा दिसलं म्हणजे काही...’ डॉक्टर म्हणतात,
वाक्य पुरं करत नाहीत.
मी जेल पुसते.
टाळू बोटाखाली हलतेय,
आत कुणीतरी अंधारात, चिखलात पाय रोवून
पहिल्यांदाच दाराला हात घातल्यासारखी.