इंजिन पाठीशी

सुवैक सोडून समुद्राकडे उतरणारी कच्ची वाट,
तिच्या टोकाला खल्फानची बाग.
मुलानं फोनवर एवढंच सांगितलं होतं :
उभं करून द्या. चालायला नको.
मस्कतमध्ये कॉफीचं दुकान काढतोय,
दारात शोभेला ठेवायचंय.

मी पलूसचा. पंपांत हात काळे केलेला.
पण असलं ट्रॅक्टर कधी पाहिलं नव्हतं.
चार हडकुळी चाकं, मधे वाकवलेल्या दोन नळ्या,
इंजिन मागे, खुर्चीच्या पाठीला पाठ लावून,
आणि पुढे नुसती हवा.
म्हणजे बैल मागून ढकलणार,
माणूस पुढे, पायांखाली कोळपं,
नजर थेट सरीवर.
मुळा, कोथिंबीर, जिरजीर, असल्या बारक्या पिकांचं यंत्र.
मागे वळून वळून ज्याची मान अवघडली
अशाच कुणीतरी हे काढलं असणार.

कार्ब्युरेटरमध्ये गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलेलं.
ते मी अख्खं सोडवलं, बाजूला ठेवलं;
का, कोण जाणे.
गॅस्केट चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कापलं.
पॉइंट घासले. स्पार्क पडला,
दुपारच्या तीनच्या उजेडात दिसेल न दिसेल एवढा.

खल्फान लिंबोणीखाली बसून.
दोन्ही डोळे गढुळलेले, ऑपरेशनला नाही म्हणतो.
शेजारी कहव्याचा थर्मास, खजुराची ताटली.
दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं,
खोकलं, राहिलं.
तो बसल्या जागेवरून म्हणाला,
उशिरा पेटतंय.
मी टायमिंग केसभर पुढे घेतलं.
आता?
आता बरं.
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
इतक्या थोड्या शब्दांत माझी चूक कुणी दाखवली नव्हती.

बागेत तसं आता काही नाही.
विहिरीत समुद्र शिरलाय, मोफज्जल म्हणतो,
अंघोळीला साबणाचा फेस येत नाही.
वाफ्यांवर पापडखारासारखं पांढरं फुललेलं,
एका कोपऱ्यात तेवढं बकऱ्यांचं गवत.

मुलगा फोनवर होता, रंगाचं विचारत :
मूळचा कोणता, नारिंगी की लाल?
मी खुर्चीखाली वाकून नखानं खरवडत होतो
तेवढ्यात म्हातारा आला.
परवानगी मागायची तर कुणाची मागणार?
हातानं चाचपत खुर्ची शोधली,
कंदुरा गुडघ्यावर खोचला,
क्लच दाबला, आणि निघाला.

सरळ.
ओळंब्याला लाजवेल असा सरळ.
कोळपं मिठाची साय कापत चाललेलं,
खालून काळपट ओली माती वर येत होती, मी पाहिली.
तो ओठांत काहीतरी मोजत होता.
मोफज्जल हसत होता. मग हसायचा थांबला.

कारण बाग संपली होती
आणि म्हातारा मोजतच होता.
गेल्या उन्हाळ्यात विकलेल्या तुकड्यावर
कुणाच्या तरी बंगल्याची भिंत, नवी, पांढरी,
आणि त्याच्या हिशेबात अजून अकरा खजुरी बाकी.

एरवी इंजिन आधी आपटलं असतं.
इथे त्याच्या गुडघ्यांच्या आणि भिंतीच्या मधे
काहीच नव्हतं.

धावलो. प्लगची तार उपटली.
झटका कोपरापर्यंत आला, एकच सिलिंडर, चटकन मेलं.
दीड हात राहिला असेल.

खल्फाननं हात पुढे केला.
भिंत सापडली.
तळवा बराच वेळ फिरवला तिच्यावर,
कलिंगड घेण्याआधी फिरवतात तसा.
कुणाची?
मुलगा धापा टाकत पोचला होता. म्हणाला,
बाबा, तुम्हीच सही केली.

समुद्राकडून वारा आला, मासळीचा वास घेऊन.
मी तार परत बसवत होतो, बोटं थरथरत होती.

म्हातारा माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, वळला.
मागचा गिअर लागतो ना?

तो मी तपासलाच नव्हता.
नुसतं उभं तर करायचं होतं.

दोरी गुंडाळली,
पाय रोवला.