पल्ला

कानजीभाईंनी फरशीवर खडूनं आखली
आठ बाय सहाची खोली, नुसत्या कपड्यांची.
भायलीच्या बिल्डरनं नकाशात तिला वेगळं नावसुद्धा दिलंय.
दांडिया बाजारात आम्हा सहा जणांचे कपडे
एका ट्रंकेत मावत,
आणि त्याच ट्रंकेवर बसून अभ्यास.

कानामागची पेन्सिल काढून ते विचारतात,
"बेन, खुल्लुं के बंध? पल्ला मारुं के नइ?"

खुल्लं, मी म्हटलं. विचारही न करता.
तीस वर्षं ग्रंथालयात मी हेच भांडण भांडले:
दिसतं तेच वाचलं जातं,
बंद कपाटात फक्त कसर पोसली जाते.
मला एका नजरेत दिसू देत
माझे सात सुती कुडते, दोन शाली,
आणि ती मोरपंखी महेश्वरी, जी मी
वयाच्या चोपन्नाव्या वर्षी रजिस्ट्रारसमोर नेसले.

सुरेंद्र म्हणाले, बंद.
समोर तीन टॉवर चढताहेत, सिमेंट उडतं.
दमट हवा. पाली.
सगळी कारणं खरी होती,
आणि सांगताना ते एकाही कारणाकडे बघत नव्हते.
बघत होते माळ्यावरच्या निळ्या बॅगेकडे.

त्या बॅगेत नीलिमाच्या अकरा साड्या आहेत.
मला ठाऊक होतं. विचारलं नव्हतं.
पुराच्या वर्षी विश्वामित्री समाच्या घराच्या
ओट्यावर चढली, तेव्हा त्यांनी
आधी ही बॅग वर नेली,
मग फ्रिजमधली औषधं.
विम्याचे कागद जिन्याखालीच भिजले.
हे त्यांच्या मुलीनं सांगितलं, हसत हसत,
आणि मग माझ्याकडे बघून
हसू आवरत.

कानजीभाई बिचारे मधला मार्ग काढणारे.
"काच लगाडी दउं? देखाय बी, ने धूळ बी नइ."
काचेला आम्ही दोघं एकदम नाही म्हणालो.
त्या दिवशी तेवढंच एकमत झालं.

मराठीत पल्ला म्हणजे अंतर.
लांबचा पल्ला, आपण म्हणतो,
आणि जड झाला की झाडून मोकळे होतो.
सुतारांच्या तोंडी तो नुसता अठरा मिलीमीटरचा प्लाय,
दोन बिजागऱ्या, एक मूठ.

शेवटी मीच खडू घेतला.
पाच खण उघडे.
सहावा, खिडकीपासून लांबचा,
जिथं कवडसासुद्धा पोचत नाही, त्याला पल्ला.
कुलूप?
नको, मी म्हटलं. चुंबक पुरे.
सुरेंद्र काही बोलले नाहीत. पाणी आणायला गेले.
बराच वेळ पाणी आणत राहिले.

आता रोज सकाळी मी फडक्यानं
त्यांच्या पांढऱ्या शर्टांचे खांदे झटकते.
ते शिंकतात.
धुळीच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं,
हे मी अजून कबूल केलेलं नाही.

श्रावणात प्लाय फुगला.
सहावा खण तेव्हापासून नीट लागत नाही.
चुंबक टक् करतो आणि सोडून देतो.
बोटभर फटीतून दिसतो
एक जांभळा काठ,
येतो डांबरगोळ्यांचा वास.
कानजीभाई म्हणाले होते, रंधा मारून देतो,
नवरात्र पतलं की फोन करजो.

नवरात्र होऊन गेलं.
नंबर फोनमध्ये आहे.